बॅकअप आहे म्हणता? मग रिस्टोअर करून पाहिलंय का?

नवी डिस्क टाकली आणि सिस्टिम काही परत येईना! दोष डिस्कचा, दुकानदाराचा की नशिबाचा? बहुतेक वेळा तिघांचाही नसतो.

जुना लॅपटॉप. चालू व्हायला पाच मिनिटं, वर्ड उघडायला दोन, आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पंखा असा घरघरतो की रूममेट उठून बसतो. नवा घ्यायचा तर घरी कोणत्या तोंडाने मागायचा? मग ग्रुपमधला कुणीतरी जाणकार सांगतो, ‘अरे, हार्ड डिस्क काढ आणि एसएसडी टाक. पळेल बघ!’

सल्ला अगदी बरोबर आहे. कमी पैशात जुन्या मशीनला नवा जीव द्यायचा यापेक्षा चांगला उपाय नाही. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, विद्यार्थी एसएसडीची छोटी डबी खिशात घालून खुशीत परततात.

डिस्क बसवणं हा चार स्क्रूंचा खेळ. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आधी घेतलेला बॅकअप लावायला जावं तर स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं. कधी ‘डिस्क सापडली नाही’, कधी ‘इमेज सापडली नाही’, कधी नुसता काळा पडदा आणि डोळे मिचकावणारा कर्सर. सबमिशन चार दिवसांवर, प्रोजेक्टचा रिपोर्ट त्या जुन्या डिस्कवर, आणि गाइड सर म्हणतात, ‘बॅकअप ठेवायचा ना!’ बॅकअप होता सर. तो परत येत नव्हता, एवढंच.

माझं मत स्पष्ट आहे. परत आणून पाहिला नाही तो बॅकअप नाहीच. तो नुसता भरवसा आहे. भरवशावर अख्खी डिग्री टांगून ठेवायची, कंपन्यांनीही आपल्याला तसंच ठेवायचं, आणि कॉलेजने त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे आता थांबायला हवं.

शब्द एक, अर्थ चार

अर्धा गोंधळ ‘रिस्टोअर’ या शब्दानेच केलेला आहे. विंडोजमध्ये हा शब्द निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि नवी डिस्क टाकल्यावर त्यातल्या दोन गोष्टी तर उपयोगाच्याच राहत नाहीत.

पहिली, सिस्टिम रिस्टोअर. एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट बिघडलं तर विंडोजच्या सेटिंग्ज चार दिवस मागे नेणारी सोय. तिचे रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर साठवलेले असतात. डिस्क काढली की तेही गेले. आणि तुमचे फोटो, रिपोर्ट, कोड यांची प्रत त्यात कधी नव्हतीच. तरी कित्येक जण ‘मी रिस्टोअर पॉइंट बनवलाय’ म्हणून निर्धास्त असतात.

दुसरी, रीसेट. डिस्कवर जी विंडोज आहे तिलाच पुन्हा कोरी करणं. कोऱ्या डिस्कवर विंडोजच नाही, मग रीसेट कशाला करणार?

तिसरी, फॅक्टरी रिकव्हरी. लॅपटॉप कंपनी डिस्कच्या एका लपवलेल्या भागात, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनमध्ये, विंडोजची मूळ प्रत ठेवते. कळ दाबली की मशीन दुकानातून आणल्यासारखं होतं. पण हा भागही त्याच डिस्कवर असतो! घराची जादा किल्ली जपून घरातल्याच कपाटात ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं, त्यातला प्रकार.

चौथी, सिस्टिम इमेज. संपूर्ण डिस्कचा, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, फायली या सगळ्याचा एकत्र घेतलेला ठसा. तो बाहेरच्या डिस्कवर असेल तर नव्या डिस्कवर उतरवता येतो.

म्हणजे डिस्क बदलताना कामाला येतात दोनच गोष्टी. बाहेर ठेवलेली इमेज, नाहीतर पेनड्राइव्हवर आधीच काढून ठेवलेली रिकव्हरी. ‘रिस्टोअर होत नाही’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘चारपैकी कोणतं?’ निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

गाडी अडते कुठे?

आता समजा इमेज आहे, ती बाहेरच्या डिस्कवर आहे, तरी रिस्टोअर होत नाही. मग? कारणं मोजकी आहेत आणि ती क्रमाने तपासता येतात. गंमत म्हणजे बहुतेक जण शेवटच्या कारणापासून सुरुवात करतात, म्हणजे ‘नवी डिस्कच खराब निघाली’. ती परत करायला दुकानात जाण्याआधी हे बघा.

मशीनला डिस्क दिसते का? विंडोजचं सोडा, आधी बायोसमध्ये जाऊन बघा. तिथेच दिसत नसेल तर डिस्क नीट बसली नाही, किंवा चुकीच्या जातीची आहे. एम डॉट टू प्रकारच्या चपट्या एसएसडी दिसायला सारख्या, पण काही साटा पद्धतीच्या असतात, काही एनव्हीएमई पद्धतीच्या. लॅपटॉपचा स्लॉट एकाच पद्धतीला चालणारा असेल तर दुसरी बसते छान, पण दिसत नाही. हे मॉडेल नंबर टाकून विकत घेण्याआधीच बघायचं असतं.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही? इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे घडतं. तिथे डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर त्याला समोर शून्य डिस्क दिसतात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ करून द्यायचा. डिस्क लगेच प्रकट होते. ज्या डिस्कला लोक ‘डेड’ म्हणून परत करतात, त्यातल्या काही अशा ठणठणीत असतात.

आकाराचं गणित जमतंय का? ही सगळ्यात फसवी जागा. जुनी डिस्क १ टीबीची, त्यात डेटा जेमतेम १५० जीबी. नवी एसएसडी ५१२ जीबीची. ‘मावतंय की!’ असं आपल्याला वाटतं. पण विंडोजची स्वतःची इमेज रिस्टोअर डेटा मोजत बसत नाही, ती मूळ डिस्कचा आकार बघते. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असली की ती सरळ सांगते, वापरता येईल अशी डिस्क नाही. ५०० जीबीच्या जागी ४८० जीबीची एसएसडी टाकली तरी हेच. लहान डिस्कवर जायचं असेल तर पार्टिशन आखडून घेणारं क्लोनिंग सॉफ्टवेअर वापरायचं, नाहीतर विंडोज कोरी टाकून फायली कॉपी करायच्या.

बूट कोणत्या पद्धतीने झालंय? जुनी पद्धत बायोसची, तिथे डिस्कची मांडणी एमबीआर. नवी पद्धत यूईएफआय, तिथे मांडणी जीपीटी. इमेज एका पद्धतीत घेतली आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीत चालू केला, तर विंडोज रिस्टोअर करायला नकार देते. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. आपण घाईत पहिला दाबतो. दुसरा दाबून बघा, बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

फोल्डरशी छेडछाड केली का? विंडोज आपली इमेज ‘विंडोज इमेज बॅकअप’ अशा ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आपण नीटनेटकेपणाच्या भरात त्याचं नाव बदलून ‘लॅपटॉप जुना’ करतो, किंवा दुसऱ्या फोल्डरच्या पोटात सरकवतो. झालं! रिस्टोअरला ते सापडत नाही. मूळ नाव द्या, डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा, लगेच सापडतं.

जुनी डिस्कच आजारी होती का? पुष्कळ जण डिस्क बदलतात ती मरायला टेकल्यावर. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवरून घेतलेली इमेज अर्धवट असू शकते, क्लोन मध्येच थांबतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लोन करत राहणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला मॅरेथॉन पळवणं. आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्या. विंडोज कुठूनही मिळते, तुमचा रिपोर्ट मिळत नाही.

क्लोन झाला, पण मशीन सुरू होत नाही? दोन शक्यता. एक, फक्त सी ड्राइव्ह उतरवला आणि बूटची माहिती असलेलं छोटं ईएफआय पार्टिशन मागेच राहिलं. दोन, जुनी आणि नवी डिस्क एकाच वेळी जोडलेल्या आहेत. क्लोन म्हणजे जुळी भावंडं, दोघांची ओळख एकच, आणि विंडोज त्यातल्या एकीला बाहेर बसवते. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची.

एवढ्या यादीत काय समान आहे बघा. यातलं एकही कारण ‘कॉम्प्युटरला काय झालं कोण जाणे’ या सदरातलं नाही. प्रत्येकाला कारण आहे, प्रत्येकाला तपासण्याची पद्धत आहे. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एररचा फोटो काढून ठेवायचा, एवढी शिस्त हवी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर आपण शिकलो काय? काहीच नाही.

अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण तिच्यात अडकलेल्याला सहसा कुणी सोडवू शकत नाही. बिटलॉकर.

आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये आपण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. म्हणजे कुलूप लागतं. चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डेटा मिळत नाही. पण डिस्क काढून केसिंगमध्ये घातली आणि मित्राच्या मशीनला जोडली, की ते कुलूप तुम्हालाही चोरच समजतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. पण ते अकाउंट कोणतं? दुकानदाराने लॅपटॉप सुरू करून देताना काढलेलं? दादाचं? पासवर्ड विसरलेलं अकरावीतलं?

किल्ली नसेल तर डेटा विसरा. कुणी म्हणालं ‘मी काढून देतो, इतके द्या’, तर पैसे सांभाळा. ते कुलूप तुटण्यासाठी बनवलेलंच नाही. म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, अकाउंटमध्ये जाऊन ती की बघा आणि वहीवर लिहून ठेवा. हो, कागदाच्या वहीवर!

‘विंडोज गेली’ हा गैरसमज

रिस्टोअर अडलं की दुसरी भीती पैशाची. ‘ओरिजिनल विंडोज होती, आता गेली ना?’ नाही गेली.

विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की साधारणपणे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते, आणि विंडोज १० पासूनचं डिजिटल लायसन्सही त्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी मदरबोर्ड तोच आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा, आधी होती तीच आवृत्ती म्हणजे होम असेल तर होम टाका. की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ म्हणून पुढे जा. नेटला जोडल्यावर ती आपोआप अॅक्टिव्हेट होते.

हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडे काय होतं? पैसे देऊन विकत घेतलेली, कायदेशीर विंडोज असलेल्या मशीनवर क्रॅक केलेली विंडोज टाकली जाते आणि वर तिचे पैसे दिले जातात. सोबत कोणता मालवेअर आला ते देवच जाणे. सगळे दुकानदार असं करतात असं मुळीच नाही. कित्येक जण फार चांगलं काम करतात, तेही वाजवी पैशात. पण गिऱ्हाइकाला काहीच माहीत नसेल तर चांगला दुकानदार आणि वाईट दुकानदार यांतला फरक ओळखायचा कसा?

कंपन्यांनाही प्रश्न विचारूया

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष विद्यार्थ्यांचा. नाही हं.

एकेकाळी कॉम्प्युटरसोबत रिकव्हरी सीडी किंवा डीव्हीडी मिळायची. मग कंपन्या म्हणाल्या, तुम्हीच बनवून घ्या. डिस्क बनवण्याची आठवण करून देणारी ती खिडकी आपण ‘नंतर’ दाबून बंद करत गेलो. आता डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या रिकव्हरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्यायची सोय देतात. सोय चांगली आहे, श्रेय द्यायला हवं. पण ती वापरायला दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो, मोठा पेनड्राइव्ह लागतो आणि कित्येक जीबी ओढून घेणारं नेट लागतं. ज्या घरात लॅपटॉप एकच आहे, किंवा हॉस्टेलचं वायफाय रात्री अकरानंतरच जरा श्वास घेतं, तिथे ही सोय कागदावरच राहते.

मायक्रोसॉफ्टचंही तसंच. विंडोजमधली जी सिस्टिम इमेजची सोय आपण वर बघितली, ती २०१७ मध्येच ‘यापुढे विकसित करणार नाही’ या यादीत टाकली गेली आणि दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरा असं सुचवलं गेलं. तरी कंट्रोल पॅनेलमध्ये ती ‘विंडोज ७’ असं नाव मिरवत बसलेली आहे. बघणाऱ्याला वाटतं, आहे म्हणजे चालत असेल.

दुरुस्तीचा हक्क, म्हणजे ‘राइट टू रिपेअर’, यावर जगभर बोललं जातंय. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसकट काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापायला लावले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. पण चर्चा बहुतेक सुट्या भागांची आणि स्क्रूंची होते. माझं म्हणणं, सॉफ्टवेअर परत आणता येणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे. स्क्रू उघडता आला, डिस्क बदलता आली, पण सिस्टिम परत आणता आली नाही, तर दुरुस्ती झाली कुठे? लॅपटॉपच्या खोक्यात एक पेनड्राइव्ह आणि एक पानभर कागद ठेवायला असा किती खर्च येतो? त्या पानावर तीन गोष्टी हव्यात. यात कोणती डिस्क बसते, सिस्टिम परत कशी आणायची, आणि तुमची एन्क्रिप्शनची किल्ली कुठे आहे. एवढंच. आणि ते पान मराठीत असायलाही हरकत नाही.

मोठ्यांचीही दांडी उडते

‘आम्ही साधे विद्यार्थी, आम्हाला कुठे एवढं जमणार!’ असं म्हणू नका. ज्यांचा धंदाच कॉम्प्युटरवर चालतो, त्यांनाही हा धडा असाच मिळाला.

१९९८ ची गोष्ट. पिक्सार ‘टॉय स्टोरी २’ बनवत होतं. एक डिलीट कमांड चुकीच्या जागी चालली आणि सिनेमाच्या फायली डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता ना? होता. पण तो नीट चालतच नव्हता, आणि हे कळलं ते परत आणायला गेल्यावर. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. घरी तान्हं बाळ असल्याने त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत असंच झालं. जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, तिथे एका इंजिनीअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीचा. बॅकअप आणि प्रत ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या, आणि वेळ आली तेव्हा पाचातली एकही भरवशाची निघाली नाही. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्या कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी काहीही न लपवता सगळं जाहीर केलं.

दोन्ही गोष्टींत बॅकअप ‘होता’. रिस्टोअर कुणी करून पाहिलं नव्हतं.

‘पण सगळं क्लाऊडवर आहे की!’

हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. त्यात तथ्य आहे. रिपोर्ट ड्राइव्हवर आणि कोड गिटवर असेल तर डिस्क मेली तरी तुमचं काम जिवंत राहतं. खरं तर माझं मत असं की बहुतेक विद्यार्थ्यांना संपूर्ण सिस्टिम इमेजची गरजच नाही. फायली सुरक्षित असतील तर कोरी विंडोज टाकणं हा जास्त स्वच्छ मार्ग आहे, आणि वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी त्यात येतच नाहीत.

पण दोन गोष्टी. सिंक म्हणजे बॅकअप नाही. लॅपटॉपवर फाइल उडाली की सिंक ती क्लाऊडवरूनही इमानेइतबारे उडवतं, आणि रिसायकल बिनची मुदत संपली की संपलं. दुसरं, सगळं खरंच क्लाऊडवर आहे का? डेस्कटॉपवर पडलेलं ‘फायनल फायनल खरंच फायनल’ नावाचं फोल्डर? सिम्युलेशनच्या फायली? लॅबच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स? व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या नोट्स? एकदा मोजून बघा.

आणि एसएसडीवर गेल्यावर तर जास्तच जपा. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरायची, टिकटिक आवाज करायची. एसएसडी पुष्कळदा काही न बोलता जाते. शिवाय तिच्यावरून पुसलेल्या फायली परत मिळवणं फार अवघड, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करत असते. वेग हवा असेल तर ही किंमत माहीत असलेली बरी.

एक प्रॅक्टिकल याचंही हवं

कॉलेजमध्ये आपण ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्याख्या पाठ करतो, शेड्युलिंगच्या आकृत्या काढतो, जर्नलवर सह्या घेतो. पण मेलेल्या मशीनमधून डेटा कसा काढायचा, हे एका प्रॅक्टिकलमध्ये का नसावं? लॅबमध्ये भंगारात काढलेले कॉम्प्युटर धूळ खात असतात. चार जणांच्या गटाला एक द्या, डिस्क बदला, सिस्टिम परत आणा, काय अडलं आणि कसं सोडवलं ते लिहा. एवढाच प्रयोग. आणि हा फक्त आयटीवाल्यांसाठी नको. बीएच्या मुलीचा प्रबंध आणि कॉमर्सच्या मुलाचं टॅलीचं काम त्याच डिस्कवर असतं.

त्यातून फक्त कॉम्प्युटर कळेल असं नाही. बिघाड झाला की आधी घाबरायचं, मग दोष कुणावर तरी टाकायचा, ही आपली सवय मोडेल. लक्षण बघायचं, शक्यता मांडायच्या, एकेक खोडत जायचं. हे ज्याला जमलं त्याला नोकरीत, संशोधनात, कुठेही उपयोग होतो.

तोवर कॉलेजची वाट बघत बसायची गरज नाही. ३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. पण आपल्याला मुहूर्त कशाला हवा? कोणताही रविवार पुरे. पीटर क्रॉग या फोटोग्राफरने रुळवलेला ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. खोलीतून लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क असलेली बॅग एकत्रच चोरीला गेली, तर दोन प्रती एकदम जातात ना!

आणि त्या रविवारी रंगीत तालीमही करा. लॅपटॉप पुसायची गरज नाही. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून मशीन खरंच सुरू होतं का बघा. त्या स्क्रीनवर तुमची डिस्क दिसते का बघा, आणि तिथूनच मागे फिरा, इन्स्टॉल दाबू नका. बॅकअपमधली कोणतीही एक फाइल मित्राच्या मशीनवर उघडून बघा. बिटलॉकरची की वहीत आहे का बघा. डिस्क बदलली असेल तर जुनी महिनाभर तशीच ठेवा. फॉरमॅट करायची घाई नको, आणि दुकानात तर मुळीच सोडून येऊ नका. तिच्यावर तुमचे फोटो आहेत, आधार कार्डची स्कॅन कॉपी आहे, घरच्यांच्या बँकेची कागदपत्रं आहेत.

दोन तासांचं काम आहे. यात काही अडलं तर उत्तमच, कारण आज अडलं. पुढे सबमिशन नाही, हातात वेळ आहे, आणि जुनी डिस्क अजून जिवंत आहे.